हातचा एक

सत्तावीस सामने संपले तेव्हा आम्ही चौथे होतो.
पहिल्या तिघांना युरोप.
चौथ्याला हिवाळा.

मासे तोलायच्या शेडच्या दारावर
मी खडूने मांडलेला तक्ता तसाच होता.
आमचा गोली त्रोंदुर, एरवी गावातल्या विजेच्या तारा जोडतो,
त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला नि म्हणाला,
"सुन्व्होर, क्लबचा हिशेब तू ठेवतेस,
बघ ना, कुठे एखादा आकडा चुकलाय का."

आकडा चुकला नव्हता.
पण नियमावलीत, अकराव्या पानावर, बारीक अक्षरात एक ओळ होती:
चषक जिंकणारा संघ आधीच पहिल्या तिघांत असेल
तर त्याची जागा खालच्याला मिळते.
शाळेत बेरीज करताना
एका घरात न मावलेला आकडा
शेजारच्या घराच्या डोक्यावर ठेवायचो,
तसा.
हातचा एक.

अंतिम सामना पाच आठवड्यांनी.
एका बाजूला सहावा आलेला संघ, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
दुसऱ्या बाजूला, लीगमध्ये दुसरे आलेले,
स्कार्वूरचे.

स्कार्वूर म्हणजे खाडीपलीकडचं गाव.
त्यांचे दिवे आमच्या स्वयंपाकघरातून दिसतात,
म्हणून आजोबांनी तिथली खिडकी लहान ठेवली.
भांडण कशावरून, कुणी म्हणतं मेंढ्यांवरून, कुणी म्हणतं बोटीवरून.
माझी मावशी तिकडे लग्न करून गेली
आणि घरात तिच्याविषयी भूतकाळात बोलू लागले.

आता अख्खं गाव
स्कार्वूरसाठी देव पाण्यात घालून बसलं.
फॅरो बेटांवर त्यात नवल ते काय,
इथे देव कायमचा ओलाच.

सामना आम्ही मासळीच्या कारखान्यात पाहिला,
पांढरे बूट न काढता.
एक्क्याऐंशी मिनिटं झाली, स्कार्वूर एका गोलने मागे.
तरुणपणी त्यांच्या बसची काच फोडणारा म्हातारा हानुस
टोपी हातात पिळत होता, जणू तीच ओली आहे.
मग बरोबरीचा गोल झाला
आणि कुणालाच कळेना, ओरडायचं कसं.
तोंडं उघडली, आवाज फुटला नाही.

जादा वेळेत त्यांना पेनल्टी मिळाली.
मारायला आला रोआल्दुर.
दोन वर्षांपूर्वी त्यानेच
त्रोंदुरची करंगळी मोडली होती.
त्रोंदुरने तीच वाकडी करंगळी पडद्याकडे रोखली,
पुटपुटला, "डावीकडे मार, बाबा. तो नेहमी उजवीकडे झेपावतो."

रोआल्दुरने डावीकडे मारला.

त्यानंतर कारखान्यात जो आवाज झाला
तो आपला नव्हता असं
दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने सांगितलं.

मग उन्हाळ्यात सोडत निघाली.
ज्यांचं नाव उच्चारताना पाद्रीही अडखळला असा संघ वाट्याला आला,
आणि टेप घेऊन एक निरीक्षक आला.
त्याने खुर्च्यांच्या पाठी मोजल्या, दिव्यांचा उजेड मोजला.
जुलैत इथे रात्र होतच नाही,
तरी आमचे दिवे कमी पडले.
तुमचा घरचा सामना, तो म्हणाला, दुसऱ्या मैदानावर खेळा.
जवळचं एकच आहे, नियमात बसणारं.
त्याने नाव घेण्याआधीच
हानुस उठून बाहेर गेला.

फेरीने वीस मिनिटं लागतात.
मला बेचाळीस वर्षं लागली.
त्यांनी फाटकावर आमचं बोधचिन्ह रंगवलं होतं,
कावळ्याची चोच जरा चुकली होती, पण कुणी बोललं नाही.
आम्ही चार-शून्य हरलो.
रोआल्दुर चेंडू उचलायला सीमारेषेपाशी उभा होता,
एक समुद्रात गेला, तर होडी घेऊन गेला.

परतायच्या फेरीला अजून तासभर होता.
धक्क्याजवळच्या एका दारात
एक बाई माझ्या आईसारखी मान कलती करून उभी होती.
तिने काही विचारलं नाही. कॉफी ओतली.
मी प्याले.

प्रवासखर्च, पंचांचं जेवण, दोन जाळ्या,
सगळं वहीत लागलं.
तो एक कप मात्र
कुठल्या रकान्यात मांडायचा
अजून कळत नाही.
हातातच आहे.