विचारून सांगते

दिवाळीच्या सुट्टीतल्या चार रात्रींसाठी
निरंजननं लॅपटॉपवर तक्ता काढला:
भाडं, एसी, पार्किंग, समुद्रापासून अंतर.
सहा ठिकाणं. त्यातल्या तिघांच्या फोटोंत
सूर्य एकाच होडीमागे बुडत होता,
होडीवरचं फडकंसुद्धा तेच.

आण्णांचा गुडघा तक्त्यात नव्हता. तो मी घातला.
मग कमोड, मग पायऱ्या किती,
मग वर्षाताईंचे सोमवार-गुरुवार,
आणि बाकीच्या दिवशीही
तव्याला मासळीचा वास नको.
विहंगला पोहायचा तलाव हवा, तोही समुद्राकाठी,
कारण समुद्राचा तळ दिसत नाही
आणि तलावाला निळ्या टाइल्स असतात.

मधल्या सुट्टीत, शाळेच्या जिन्याखाली,
एका कानात बोट घालून मी फोन लावत गेले.
मालवणचा म्हणाला, सी-व्ह्यू आहे ना मॅडम,
बाथरूमच्या झडपेतून.
तारकर्लीचा म्हणाला, आधी पैसे पाठवा, मग बोलू.
देवबागच्या माणसाला विचारलं पायऱ्या किती,
तर तो मोजायला गेला
तो परत आलाच नाही.
फोनमध्ये बराच वेळ एक कोंबडा होता.

तोंडवळीच्या सुगंधा कुबल यांचा नंबर
तक्त्यात शेवटी, पिवळ्या रंगात,
म्हणजे नाइलाज झाला तर.
समुद्र दिसतो का?
"दर्या दिसना नाय हयसून, सुरूचा बन आडवा येता.
रातीक आयकाक येता."
एसी? "एका खोलयेत आसा. लाइट आसली तर."
कमोड? "आसा. पाणी बालदीन ओतूचा लागता."
वेगळा तवा?
"माझ्या सासूचो आसा. ती शिवराकच खाय."
आणि तलाव?
ती हसली नाही. म्हणाली,
"झिलाक बावडी दाखवीन."

मी लिहून घेत होते
सहावीच्या चाचणीच्या पाठकोऱ्या कागदावर.
"ह्या सगळ्यांचा झाला," ती म्हणाली,
"तुका काय होया गो?"

घंटा झाली. जिन्यावरून साठ-सत्तर पाय
माझ्या डोक्यावरून धावत गेले.
मी म्हणाले, विचारून सांगते.

घरी सुगंधाबाईंची बाजू मी मांडली
ती कमोडच्या जोरावर.
समुद्र दिसत नसेल तर समुद्राला जायचंच कशाला,
असं निरंजन.
मोतीबिंदू काढेपर्यंत मला सगळे समुद्र सारखेच,
असं आण्णा.
पिवळी ओळ हिरवी झाली.

फोंडा घाटात विहंग दोनदा ओकला.
पोचलो तेव्हा लाइट नव्हती.
खळ्यात कंदील, पत्रावळीवर घावने,
वर्षाताईंचं ताट दोन हात लांब,
आणि सगळे एकमेकांवर रुसलेले,
म्हणून मग तो ऐकू आला,
झाडांच्या पलीकडून, न थांबता.
आण्णांनी हातातला घास तसाच धरला.
चाळीस वर्षं इचलकरंजीत माग चालवलेला माणूस.
म्हणाले, कुणाची तरी रात्रपाळी चालू आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे
मी चपला हातात घेऊन बाहेर आले.
सुगंधाबाई सडा घालत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"इचारलंस काय गो मगे?"

अजून नाही, मी म्हणाले,
आणि बनातून खाली उतरले.
वाळू गार. ओहोटी लांबवर गेलेली.
खेकड्यांनी रात्रभर गोळ्या वळून ठेवलेल्या,
कुठे पाय ठेवावा कळेना.
मागून विहंगची हाक आली,
आई, माझा टॉवेल कुठाय?

हे उत्तर मला येत होतं.
दिलं नाही.