मुरायला लागतात दिवस

तिगिस्तचं घड्याळ
सूर्य उगवला की सुरू होतं.
आपले सकाळचे सात, तिचा एक.
म्हणून पहिल्याच सोमवारी ती
एकच्या प्रॅक्टिकलला
सात वाजता जाऊन बसली,
कुलूपबंद लॅबच्या पायरीवर,
गिरणेकडून येणारा वारा डोळ्यांत घेत.
मला दुपारी कळलं, मेसच्या कोकिळाबाईंकडून:
"तुनी ती पोर सकायपासून उपाशी शे व."

माझी ती पोर.
यादीत फक्त नावं शेजारी होती, खोली एकोणीस.
मी पारोळ्याच्या पलीकडची. मला वाटायचं
या टेकडीवर परकी मी एकटीच.
पहिल्या हजेरीला "आठेच शे" म्हणाले
आणि मागचा बाक हसला,
तेव्हापासून "इथेच आहे" हे
धुऊन वाळवलेलं वाक्य तोंडात घेऊन फिरते.
तिगिस्तला हे सांगता सांगता
माझं इंग्रजी संपलं.
ती म्हणाली, "इशी."
म्हणजे बरं. म्हणजे हाव.
कधीकधी म्हणजे, राहू दे आता, झोप.

एसपी ऑफिसात परदेशी विद्यार्थ्यांची नोंद.
हवालदार बाविस्करांनी विचारलं,
हिच्याकडे साल कोणतं चालू आहे?
सात-आठ वर्षं मागचं.
"म्हणजे तिकडं माझं रिटायरमेंट लांबलं," म्हणाले,
आणि पेन माझ्याकडे वळवलं:
"तुम्ही हिच्या कोण?"
नात्याचा रकाना होता.
मी लिहिलं, खोली एकोणीस.
त्यांनी खोडलं नाही.

दिवाळीत हॉस्टेल रिकामं.
मी दोन दिवस आधीच परत आले,
तर ती बंदी असलेल्या शेगडीवर
हिरवी कॉफी भाजत बसलेली.
वासावर रेक्टर भिरूड मॅडम आल्या,
शेगडी जप्त करायला.
तिच्याकडे कॉफी तीनदा देतात, मधे उठायचं नसतं.
मॅडम तीन कप बसल्या,
नवऱ्याच्या बायपासबद्दल बोलल्या.
शेगडी सकाळी नेली.

जानेवारीत सावद्याला, तिच्या प्रोजेक्टसाठी.
घड कापून नेलेली बाग.
बांधावर केळीच्या खोडांचा ढीग,
अजून पाणी गळत असलेला.
"हे फेकलंत?"
तिच्या गावी असंच झाड, अशीच पानं,
पण फळ कुणी खात नाही.
खोड खरवडतात, पानांत गुंडाळून
खड्ड्यात पुरतात,
आंबूस वास सुटेपर्यंत. मग त्याची भाकरी.
प्रत्येक घरामागे एक खड्डा.
तिच्या आईचाही.

बागवाले सरोदेकाका म्हणाले,
"आम्ही तर हे उचलायला वर मजुरी देतो."
ती हसली.
मग बांधावर बसली आणि
इथे आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.
काका पाण्याचा तांब्या घेऊन
कुठे ठेवावा ते न कळून उभे.

परतीच्या एसटीत मी विचारलं,
किती दिवस लागतात मुरायला?
"जमीन थंड असेल तर फार."
खिडकीतून ऊन मांडीवर आलेलं,
थंडीतही चटका देणारं.
तिनं त्यावर हात ठेवला.
"इथे लवकर होईल."

काल माझ्या आईचा फोन तिनं उचलला.
मी आंघोळीला. दाराआडून ऐकलं:
"हाव. जेवण व्हयनं.
आठेच शे."
डोळ्यांत साबण, मी तशीच उभी,
बादली भरून वाहत राहिली.
किती वाजले, आईनं विचारलं असणार,
कारण तिनं तिचेच वाजलेले सांगितले.
आणि आईनं, घड्याळ न बघता,
ते मानले.