खालची पायरी

कानात मशीन घातलं की मिरजेचं मैदान
पिठाची गिरणी होतं.
म्हणून मॅचला ते खिशात.

खालच्या पायरीवर तिघं असायची:
झुबेर शिकलगार, मगदूमांचा सुकुमार,
कुपवाडहून सायकल हाणत येणारी रेवती.
त्यांचे हात भांडायचे, हसायचे.
मी पेपर वाचल्यासारखं करायचो.

एकदा रेवतीनं बोटांनी काहीतरी विचारलं.
मी मान डोलावली.
वीस वर्षं तेवढंच करतोय,
दुकानात, लग्नात, डॉक्टरपुढं,
न कळता हो.
तिनं पकडलं. माझी हनुवटी धरून
मान थांबवली, आणि पुन्हा विचारलं,
सावकाश.
डावा तळवा म्हणजे शेवटचा बॅक,
उजवं बोट त्याच्या पुढं सरकलेलं.
ऑफसाईड.

तिथनं सुरुवात.
सगळ्यात आधी शिकलो
'रेफ्री आंधळा आहे.'
माझी बोटं सुताराची, जाड.
पास म्हणायला जातो, भाकरी होते.
झुबेर पोट धरतो.

मला नावही पडलंय:
कानामागं तळवा, मी करतो तसा.
दोन दिवस राग होता.

काल पेनल्टी मिळाली आपल्याला.
चेंडू ठेवला, सगळ्यांची तोंडं मिटली,
हजारभर माणसं
आमच्या गावात पाहुणी आली घटकाभर.
मला पेनल्टी बघवत नाही. डोळे मिटले.
पायरी हादरायची वाट बघत राहिलो.
हादरली नाही.

मग कुणीतरी माझा तळहात उघडून
त्यावर बोट ओढलं,
काठावरनं बाहेर.

डोळे न उघडताच मी हात वर केले, म्हणालो:
रेफ्री आंधळा आहे.