वार

केसपेपरवर लिहिलंय : वार खाली आलेली. चौतीस आठवडे.
कॉटच्या लोखंडाला मी चिकटपट्टीनं पाटी लावली,
आतून तपासू नये.
नव्या डॉक्टरांनाही ती वाचायला लावते, मोठ्यानं.

रेश्मा ऐवळे. सावळजची.
बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते.
कायबी दुखत नाही सिस्टर, मग कशाला झोपवून ठेवलंय?
न दुखता येतं तेच वाईट, बाई.
हे मी बोलत नाही.
डाव्या कुशीवर हो, एवढंच.

दर चार तासांनी पॅड तोलायचं.
कोरं वीस ग्रॅम; वरचं सगळं तिचं.
ती काट्याकडं बघून हसते,
आमचा मुकादम असाच तोलतो, काड्यांसकट.
चौदा. नऊ. शून्य.
शून्याला दोघींनी चहा घेतला.

पोटावर डॉपलर धरला, तर म्हणते,
हे तर आमचं चाळणीचं मशीन!
एकशे बेचाळीस, मी मांडलं.

आज वार कंचा, सिस्टर?
मला क्षणभर कळेना, पोटातली विचारते की भिंतीवरचा.
मंगळवार, म्हटलं.

रात्री तीन दहाला हाक आली,
ओलं लागतंय.
चादर बघितली. तोलायला वेळ नव्हता.
दोन्ही हातांना जाड सुया. उशी काढा.
मावशी, ब्लड बँकेत पळ,
बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या दुपारीच जुळवून ठेवल्यात,
माझ्याच कटकटीनं.
तिचा हात धरायला माझा एकही हात रिकामा नव्हता.
नाव तेवढं घेत राहिले.
रेश्मा. इकडं बघ. रेश्मा.

मुलगी. एक किलो नऊशे.
उशिरा रडली, पण रडली.

मग ट्रेमधून वार आली माझ्यापुढं.
दिव्याखाली पसरली, पाकळीला पाकळी जुळवली,
कडेनं बोट फिरवलं,
एखादा तुकडा आत राहिला तर पुन्हा तेच सगळं.
बेदाणे निवडताना ती अशीच बसत असेल का,
मान खाली, बोटांनी बघत?
पुरी होती.

दारात सासू. पाय दुमडून, रात्रभर तिथंच.
वार द्या, परड्यात पुरते.
नाही देता येत आजी, नियम आहे,
म्हणत मी पिवळ्या पिशवीची गाठ आवळली,
जरा सावकाश.
बरं, मग पोरगी कंच्या वारी झाली तेवढं सांगा.
बुधवारी.

हात धुऊन टेबलाशी आले.
वही अजून मंगळवारवरच उघडी होती,
शेवटच्या ओळीत
शून्य.