चौथा रकाना

भिंतीवर सव्वीस खुंट्या. प्रत्येकीवर एक चित्र :
बदक, छत्री, खेकडा, जीभ काढलेला कुत्रा.
मार्चपासून यातल्या एकवीस मोकळ्या.
तिघांवर परिचारिकांच्या मुलांची जाकिटं,
आणि दोघांवर हॅडॉक कापणाऱ्या बाईच्या जुळ्यांची,
ज्यांना कितीही धुतलं तरी धुरावलेल्या मासळीचा वास येतो.
मला तो आवडू लागलाय.

ग्रिम्सबीच्या गोदीवर फक्त समुद्रपक्षी बोलतात हल्ली.
आम्ही वाळू उपसून टाकली,
कापडी बाहुल्या पिशवीत घालून वर ठेवल्या,
जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या,
त्यांना तीन वर्षांची मुलं नदी समजतात
आणि उडी मारून पार करतात, थेट एकमेकांच्या अंगावर.
कुणाचा गुडघा फुटला, रडत आलं कुणी,
तर किती अंतर राखायचं ते नवव्या पानावर लिहिलंय.
मला पाठ आहे.
मी उचलून घेते.

मंगळवार फोनचा.
यादीत ती मुलं, जी येऊ शकतात, यायला हवीत,
आणि येत नाहीत;
ज्यांच्या नावापुढे साथीच्या आधीपासूनच
पेन्सिलीचं एक बारीक टिंब आहे.
वहीत रकाने आखले : तारीख. कोण बोललं. काय म्हणालं.
चौथा थेल्माबाईंनी आखायला लावला : मूल दिसलं का?
"दिसलं," त्या म्हणाल्या, "ऐकू आलं नव्हे."

खेकड्याच्या खुंटीची टॅम्सिन.
सात एप्रिल : आई म्हणाली, झोपलीय.
चौदा : आंघोळ करतेय.
एकवीस : आजीकडे गेलीय.
फोन ठेवल्यावर आठवलं,
कुणीच कुणाच्या आजीकडे जायचं नव्हतं.
मागे टीव्ही होता. आणि काहीतरी आपटलं.
फोनवर दार आणि भांडं सारखंच वाजतं.

मन चिंती ते वैरी न चिंती, खरं आहे.
पण माझ्या कामात मनाला चिंतू द्यावं लागतं.
पगार त्याचाच आहे.

समाजकल्याणच्या कचेरीत लावला फोन.
बावीस मिनिटं एकच व्हायोलिन,
मग एक दमलेला आवाज. त्यानं नाव उतरवून घेतलं,
"पाहतो," म्हणाला.
मला त्या शब्दाचा राग आला,
त्या माणसाचा नाही.

शुक्रवारी मीच गेले. थेल्माबाईंना सांगून.
डब्यात हिरवी कणीक, खडू, दोन पुस्तकं.
बेल वाजवली आणि सहा पावलं मागे.
दार साखळीएवढं उघडलं.
आईच्या डोळ्याखाली काळं होतं,
जागरणाचं की कशाचं,
सहा पावलांवरून ठरेना.
"तिला खिडकीत आणता का? खेकडा विचारतोय तिला."

बराच वेळ काही नाही.
मग वरच्या काचेत आधी एक ससा आला, उलटा, कानांवर उभा.
मग कपाळ. मग ती.
मी मोजलं. दोन डोळे, दोन हात, दहा बोटं.
बाह्या मनगटापर्यंत, एवढ्या उन्हात.
तिनं दोन बोटांची नांगी केली आणि मला चिमटा काढला,
काचेतून, रस्ता ओलांडून.
मीही काढला.

आई दाराच्या फटीतून, जवळजवळ ओठांनीच,
"सोमवारी... अर्धा दिवस तरी?
तो दिवसभर घरी असतो आता."
"खुंटी मोकळीच आहे," मी म्हणाले.
याहून मोठं काही सुचलं नाही.

गाडीत बसूनच थेल्माबाईंना सगळं सांगितलं,
त्यांनी लगेच पुन्हा तोच नंबर फिरवला.
चौथ्या रकान्यात लिहिलं : हो.
मग बाह्यांबद्दल. मग डोळ्याखालच्याबद्दल.
मग तिचं वाक्य, जसंच्या तसं.
रकाना अरुंद आखला होता मी,
अक्षरं समासात गेली, समासातून पानामागे.

सोमवारी जुळे आले, धुराचा वास घेऊन.
परिचारिकांची तिन्ही मुलं आली.
नदी ओलांडून झाली दोनदा.
साडेनऊ वाजले तरी मी
फाटकाला कडी घातली नव्हती.