काटा

नमुना एकशे बारा. डबीत फॉर्मेलीन,
त्यात वाटाण्याएवढा तपकिरी तुकडा.
कागदावर: शशिकला पागी, वय एकावन्न, तळपण.
डावा दंड. गारव्यानं दुखतं.

बाहेर मडगावचं ऊन, आत वितळत्या मेणाचा वास.
मी नाव पुन्हा वाचलं.
ह्याच हातानं ती दर रविवारी चावडीच्या बाजारात
माझ्यासाठी बांगडे काढते,
दंडापर्यंत बर्फात घालून,
तळचे. वरचे पर्यटकांचे.

एकदा पाहिलं होतं मी.
बर्फाचा खडा दंडाला लागला तशी ती
भाव सांगता सांगता थांबली,
डोळे मिटून उभी राहिली, देवळात राहतात तशी.
गिऱ्हाइकं पाच-सहा. कुणी बोललं नाही.
मग म्हणाली, बर्फ चाबता गो म्हाका,
आणि उरलेला भाव सांगितला.

मसुरीसारखे दाणे, सतरा-अठरा, एका जागी दाटलेले.
बाजाराला सगळं ठाऊक होतं:
मासळीची अ‍ॅलर्जी, कुणाची तरी दिष्ट, वात.
श्रीस्थळला गाऱ्हाणं घातलं. कौल उजवा पडला,
आणि पुढची दहा वर्षं ती निवांत दुखत राहिली.

मी ठोकळा लावला, चाक फिरवलं.
चार मायक्रॉन. कोमट पाण्यावर फीत पसरते
तेव्हा सुरकुती पडू नये म्हणून श्वास धरावा लागतो.
तीही इसवण अशीच कापते,
फक्त बोलता बोलता, न बघता.

डॉक्टर आल्दा रेबेलोंनी भिंगातून पाहिलं, मलाही बोलावलं.
गुलाबी पट्टे, एकमेकांत घुसलेले,
त्यांत चिरुटाच्या थोटकांसारखी जांभळी केंद्रकं.
साधी आहे, म्हणाल्या. पसरायची नाही.
स्नायूची गाठ. आपण ती पोटात शोधतो, बायकांच्या पिशवीत,
ही केसाच्या मुळाशी बसलीय.
प्रत्येक केसाला एक दोरी असते बघ.
थंडीत, भीतीत, आरती टिपेला गेली की
ती ओढली जाते, केस उभा राहतो.
ती दोरी.

म्हणजे अंगावर काटा येतो, तो?
तोच, म्हणाल्या. आलेला, आणि न बसलेला.

हे वाक्य अहवालात गेलं नाही.
अहवालात गेलं ते असं: आई, मावशी, रुग्ण स्वतः,
तिघींच्या पिशव्या चाळिशीच्या आत काढलेल्या.
मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी.
मुलांना तपासावं.
खाली शिक्का, जरा तिरका.

रविवारी गेले.
मला काही माहीत नाही असा चेहरा करून,
ह्या नोकरीत तो चेहरा आपोआप मिळतो.
शशिकला प्लास्टिकच्या खुर्चीवर, डावा हात पदराखाली,
टाके ओढत असतील.
बर्फात तिच्या मुलीचा हात होता, दीपश्रीचा.
यंदा बारावी झालेली, नखांना निळा रंग,
ह्या उकाड्यात बाही मनगटापर्यंत.
तागडीचा काटा थरथरला, सरळ झाला.
कितें गो, आयज बांगडे नाकात?
जाय, म्हटलं मी.

मुलीनं तळाशी हात घातला.
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले,
ओठ आवळतात का, पापणी हलते का,
किती वेळ बघितलं कोण जाणे,
कारण शेवटी तीच म्हणाली,
मावशी, पिशवी आणलीय ना?

मी पिशवी उघडून धरली.
हातावर काटा आला होता.
बस येईपर्यंत तो बसला.