कै कोट्ट

धारवाडच्या बेंचनं निकाल रद्द केला.
सुटला नाही म्हणे, दोषीही नाही,
सगळं पहिल्यापासून, खटला झालाच नव्हता असं धरून.
हिंडलग्यात पाच वर्षं पक्का कैदी होता भरमू मुचंडीकर,
तो परत कच्चा झाला.

मी परत साक्षीदार नंबर चार.
खानापुरातलं दुकान बंद, मशीनवर चादर,
लग्नसराईचे नऊ ब्लाऊज तसेच,
आणि बेळगावच्या कोर्टात जिन्याखालचं तेच बाकडं.

मागल्या खेपेला एवढंच बोललो होतो:
बंधाऱ्यावर शेवाळ होतं, नागोजी घसरला,
भरमूनं हात दिला.
टायपिस्टनं टाईप केलं: कै कोट्ट.
शब्दाला शब्द बरोबर, कै म्हणजे हात, कोट्ट म्हणजे दिला.
पण कन्नडात कुणी कै कोट्ट म्हणजे
ऐनवेळी सोडून गेला.
मला ठाऊक आहे की ते.
उधारी बुडवून गेलेल्या गिऱ्हाइकाला
आम्ही बाजारात दुसरं काय म्हणतो?
वाचून दाखवलं असतं तर तिथंच ओरडलो असतो.
‘इल्ली सही माड्री’ म्हणाले.
मी मराठीत सही केली.

वकील सांगतात, जुनी साक्ष विसरा, ती आता नाहीच.
शिलाई उसवली तरी सुईची भोकं राहतात, साहेब,
असं म्हणणार होतो. ते पुढच्या अशिलाकडं वळले.

नंबर दोन बसवाणी, गेल्या शिमग्याला वारला.
शिपाई तरी त्याला पुकारतो, तीनदा,
आणि तिन्ही वेळा आम्ही सगळे दाराकडं बघतो.

टेबलावर मुद्देमाल. लाखेचं सील, आत नागोजीचा शर्ट,
मीच शिवलेला. डाव्या बाहीचा कफ निघालाय.
दुहेरी टीप होती, ओढल्याशिवाय निघायची नाही.
कुणी ओढून धरलं, का
कुणी हिसडा मारून सोडवून घेतलं,
ते कापड सांगत नाही.

पाच वर्षं तेच वाक्य घोळवतोय रात्री,
कधी मराठीत, कधी कन्नडात.
आता बंधारा डोळ्यापुढं आणला
की हात दिसतो. पुढं आलेला का मागं जाणारा,
नक्की सांगवत नाही.

यावेळी दुभाषी आहे, नवी पोरगी.
‘मामा, मराठीत बोला, सावकाश,
मी एकेक शब्द घेते.’
पिंजऱ्यात भरमू. केस पिकलेत त्याचे.
कठड्याला धरून मी म्हणालो, भरमूनं,
आणि थांबलो.
टायपिस्टची बोटं वरच राहिली.